मेहुण्यांची डिझेल, लेकाचा पीसी आणि थरथरणारं मशीन

ताई, नमस्कार.

तुमचं सदर नेहमी वाचतो, आज लिहायची पाळी आली. आमच्याकडे सगळंच एकदम बदलायला झालंय. गाडी पेट्रोलची, ११ वर्षांची, लिटरला १२ किलोमीटर देते. मेकॅनिकने क्लच आणि सस्पेन्शनचं मोठं काम काढलंय. ऑफिस १४ किलोमीटरवर. घरात मी, बायको, १६ वर्षांचा मुलगा आणि आई. मेहुणे म्हणतात, ‘घेतोच आहेस तर सात सीटांची डिझेल एसयूव्ही घे, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. हप्ते पाडून मिळतात की.’ मुलाला गेमिंग पीसी हवाय. बायको म्हणते, त्यापेक्षा टीव्हीला जोडायचा कन्सोल स्वस्त पडेल. वॉशिंग मशीन स्पिनला लागलं की जागा सोडून चालायला लागतं. प्रिंटरची शाई ऐन कामाच्या वेळी वाळलेली असते.

मी एक्सेलमध्ये तुलनेचा तक्ता केलाय. नुसत्या गाड्यांचेच ४१ रकाने झालेत. रोज रात्री एखादा वाढतो, निर्णय काही होत नाही. आमचा इतिहास असा, की एकतर स्वस्तातलं घेऊन पस्तावतो, नाहीतर ऐपत ताणून भारीतलं घेतो आणि ते पडून राहतं. किंमत बघावी की सोय? बायको म्हणाली, ताईंना विचारा, निदान तक्ता तरी बंद होईल.

– तक्त्यात अडकलेला

---

तक्त्यात अडकलेले दादा,

वहिनींना सांगा, तक्ता बंद करायची गरज नाही. त्यातले रकाने तेवढे चुकलेत. तुम्ही ते लिहिलेले नाहीत, पण अंदाज येतो : बीएचपी, टॉर्क, स्क्रीन किती इंची, सनरूफ आहे का, ग्राउंड क्लिअरन्स किती. हे सगळे गाडीबद्दलचे. तुमच्याबद्दलचा त्यात एकही नसावा. वर्षाला तुमची गाडी किती किलोमीटर फिरते हे पत्रात कुठेच नाही, आणि पुढचे निम्मे निर्णय त्या एका आकड्यावर ठरतात.

‘किंमत की सोय’ हे भांडण मला फारसं पटत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. दोन्हींचे आकडे आपल्याला विकणाऱ्याच्या मापात मिळतात. लिटरला किलोमीटर, महिन्याचा हप्ता, स्क्रीनचे हर्ट्झ, कार्ट्रिजची पानं. ही मापं खोटी नसतात, पण ती निवडलेली असतात विकणाऱ्याच्या सोयीने. तीच आपल्या वापराच्या मापात फिरवून घेतली की बराचसा गोंधळ जागच्या जागी मिटतो. चला, तुमच्याच आकड्यांवर करून बघू.

ऑफिसला जाऊन-येऊन २८ किलोमीटर. वर्षात कामाचे साधारण २४० दिवस धरले तर ६,७२०. आईंची दवाखान्याची ये-जा, सुट्टीची भटकंती, एखाद-दोन लांबचे प्रवास मिळून ९,००० म्हणू. आताच्या गाडीला एवढ्यासाठी ७५० लिटर पेट्रोल लागतं. १८ देणारी साधी पेट्रोल गाडी घेतली तर ५०० लिटर. २५ देणारी हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर असलेली) घेतली तर ३६०. आता नीट बघा. १२ वरून १८ वर गेलात, ६ वाढले आणि २५० लिटर वाचले. १८ वरून २५ वर गेलात, ७ वाढले आणि वाचले फक्त १४०. जाहिरातीत दुसरी उडी मोठी दिसते. पंपावर पहिली मोठी असते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नेमकं हेच मांडलं होतं. त्यांचं माप गॅलनला मैल, पण फसगत हीच. युरोपात माप उलटं लिहितात, १०० किलोमीटरला किती लिटर. त्या हिशेबाने तुमची जुनी गाडी ८.३, साधी पेट्रोल ५.६ आणि हायब्रिड ४. तक्त्यात हा एक रकाना ठेवा आणि मायलेजचा जुना रकाना उडवा.

हायब्रिडसाठी वरचे किती मोजावे लागतात ते बघा आणि त्या रकमेला १४० लिटरच्या पैशांनी भागा. उत्तर वर्षांत येईल. तितकी वर्षं ती गाडी तुम्ही ठेवणार असाल तर घ्या. एक गोष्ट मात्र हायब्रिडच्या बाजूने सांगायला हवी : तुमचा रस्ता थांबत-थांबत जाण्याचा असेल तर ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत साठवते, म्हणून गर्दीत तिचा खरा आकडा कागदावरच्या आकड्याच्या बराच जवळ राहतो. साध्या पेट्रोल गाडीचा गर्दीत पार घसरतो. तेव्हा कागदावरचे आकडे घेऊ नका, तशाच रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या दोघा-तिघांना विचारून घ्या.

आता मेहुणे. त्यांचा सल्ला त्यांच्यापुरता अगदी बरोबर असू शकतो. त्यांना एवढंच विचारा, की ते स्वतः वर्षाला किती चालवतात. महामार्गावर २५-३० हजार किलोमीटर करणाऱ्याला डिझेल फायद्याची पडू शकते. तुमचं तसं नाही. आधुनिक डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. अडवलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते, त्यासाठी एक्झॉस्ट साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो, आणि हे काम लांबच्या सलग रनिंगमध्ये नीट होतं. १४ किलोमीटर रखडत गेलात आणि इंजिन बंद केलंत की ते अर्ध्यावर राहतं. असं महिनोन्‌महिने झालं की डॅशबोर्डवर दिवा लागतो, मग सर्व्हिस सेंटरला जाऊन सक्तीने साफ करून घ्या, आणि तेवढ्यानेही नाही भागलं तर फिल्टर बदला. त्याचं बिल बघितलं की डिझेलवर वाचवलेले पैसे आठवतात.

आणि सात सीटा. तुम्ही चौघं आहात. तिसरी रांग वर्षातून दोनदा उघडेल, तेव्हाही आणखी एक अडचण येईल : बहुतेक गाड्यांत मागची रांग उभी केली की डिकी एका दप्तराएवढी उरते. माणसं सात, सामान कुठे? त्या दोन दिवसांसाठी उरलेले ३६३ दिवस जास्तीचं वजन, मोठे टायर आणि पार्किंगची डोकेदुखी वागवायची. त्यापेक्षा तेव्हा मोठी गाडी भाड्याने घ्या. दोनदाच्या भाड्याची रक्कम मांडून बघा आणि दोन गाड्यांच्या किमतीतल्या फरकाच्या नुसत्या व्याजाशी ताडून बघा. मेहुण्यांना हा हिशेब दाखवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

हप्त्याबद्दल मात्र मी थोडी कडक बोलणार आहे. ‘महिन्याला फक्त एवढे’ हे सगळ्यात लबाड माप. समजा १०० कर्ज घेतलं, व्याज वर्षाला १० टक्के. तीन वर्षांत फेडलं तर महिन्याला ३.२३ भरावे लागतात, एकूण ११६. तेच सात वर्षांवर नेलं की हप्ता १.६६ होतो, जवळजवळ निम्मा, कोणालाही परवडेलसा. पण एकूण जातात १३९. व्याज १६ चं ३९ झालं. शिवाय नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत सगळ्यात वेगाने उतरते आणि लांबच्या मुदतीचं मुद्दल सुरुवातीला हळूहळू फिटतं. त्यामुळे मधल्या काळात गाडी विकायची वेळ आली तर विकून येतील त्यापेक्षा बँकेचे जास्त निघू शकतात. माझं मत स्पष्ट आहे. जी गाडी घ्यायला सात वर्षांचं कर्ज लागतं ती तुमच्या ऐपतीतली नाही, मग तिचा हप्ता कितीही मवाळ दिसो.

यावर तुम्ही म्हणाल, मग दुरुस्तीच करू का? करू शकता. ‘गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्ती महाग’ हा जो नियम लोक सांगतात तो मला फारसा पटत नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी कशाला लावायचा? ती विकायला थोडीच काढलीय! तो लावायचा नव्या गाडीच्या एका वर्षाच्या खर्चाशी : उतरलेली किंमत, व्याज, जास्तीचा विमा. क्लच आणि सस्पेन्शन करून जुनी गाडी आणखी दोन वर्षं बिनतक्रार चालणार असेल, तर ते काम बहुतेक वेळा स्वस्तच पडतं. अपवाद दोन. खालच्या सांगाड्याला गंज लागला असेल तर एक पैसाही घालू नका. आणि ११ वर्षांपूर्वीच्या तुमच्या मॉडेलला पुरेशा एअरबॅग किंवा इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) नसेल, तर १६ वर्षांचा मुलगा लवकरच ती गाडी मागणार आहे हे लक्षात घ्या. काटकसर सनरूफवर करा, अलॉयवर करा, स्क्रीनवर करा. इथे नको.

मला विचाराल तर तुमच्यासाठी तीन-चार वर्षं वापरलेली, पाच सीटांची, साधी पेट्रोल गाडी. किमतीची मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. बघायला जाल तेव्हा आधीच सांगा की इंजिन थंड असू द्या. गरम करून ठेवलेली गाडी बरंच काही लपवते. टायरच्या बाजूवर डीओटीने सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलाय. गाडी २०२१ ची आणि टायर २०१९ चे, असं दिसलं तर विचारायला हवं की का. मीटर ३० हजार दाखवतंय आणि ब्रेक पेडलचं रबर मात्र गुळगुळीत, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. इंजिनात टायमिंग बेल्ट आहे की चेन, हेही विचारा. बेल्ट ठरावीक किलोमीटरला बदलावाच लागतो. तो चालू गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि मग इंजिनच उघडावं लागतं. मागच्या मालकाने तो बदलला नसेल तर ते काम तुमच्या डोक्यावर आहे, किमतीतून कापून घ्या.

इलेक्ट्रिकचं एका वाक्यात : रात्री गाडी उभी राहते तिथे स्वतःचा प्लग असेल तर दिवसाला २८ किलोमीटर हा तिच्यासाठी हातचा मळ आहे आणि जरूर विचार करा, नसेल तर सध्या सोडा. बॅटरीची वॉरंटी बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात. वापरलेली घेताना त्यातली किती उरलीय आणि ती नव्या मालकाच्या नावावर होते का, हे लेखी घ्या.

आता चिरंजीव. इथे तुम्ही आणि वहिनी दोघंही एक प्रश्न विचारायचा विसरलात : तो खेळतो काय, आणि कोणाबरोबर? सोळाव्या वर्षी गेम म्हणजे निम्मा मित्रांचा कट्टा असतो. त्याचे मित्र एका मशीनवर आणि हा दुसऱ्यावर, आणि गेममध्ये क्रॉस-प्ले (वेगवेगळ्या मशीनवरून एकत्र खेळायची सोय) नाही, तर तुम्ही घेतलेली वस्तू कितीही दणकट असो, ती पडून राहणार. तुमच्या पत्रातलं ‘पडून राहतं’ हे बहुधा असंच घडलं असेल. वस्तू वाईट नव्हती, पण ती वापरायचं कारण घरात नव्हतं. त्याच्याकडून गेल्या महिन्यात खेळलेल्या गेमांची यादी मागा. खेळायच्या आहेत त्यांची नको, ती यादी कधी संपत नाही.

वहिनींचं म्हणणं विकत घ्यायच्या दिवसापुरतं खरं आहे. तेवढ्याच पैशांत कन्सोलइतकी ताकद पीसीत बसवणं अवघड जातं, कारण कन्सोल बनवणाऱ्यांना कमाई नंतर गेममधून आणि वर्गणीतून करायची असते. मग तो नंतरचा खर्च मांडा. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर विकतचे बहुतेक गेम ऑनलाइन दुसऱ्यांशी खेळायला वर्गणी लागते; पीसीवर त्यासाठी सहसा लागत नाही. दुसरा कंट्रोलर लागतो. बिनडिस्कचं डिजिटल मॉडेल घेतलं तर ते दिसायला स्वस्त, पण त्यात जुनी डिस्क विकत घेणं, मित्राची आणणं, खेळून झाल्यावर विकून टाकणं हे तिन्ही बंद. वर्षाला चार-पाच गेम घेणाऱ्या घरात डिस्क-ड्राइव्हचे वरचे पैसे सहज वसूल होतात. पीसीच्या बाजूला मॉनिटर, कीबोर्ड, हेडसेट हे खर्च आधीच धरा, दुकानदार कॅबिनेटची किंमत सांगून गप्प बसतो. पण त्या पीसीवर अभ्यास होतो, प्रोजेक्ट होतं, कोडिंग शिकता येतं, आणि पुढे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग) तेवढं बदललं की भागतं. घरात त्याला अभ्यासाला चालेलसा कॉम्प्युटर मुळातच नसेल, तर मी मुलाच्या बाजूने आहे. चांगला लॅपटॉप आधीच असेल, तर वहिनींच्या.

पीसी ठरलाच तर तिथेही मायलेजवाली गंमत आहे. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदाला येतं. १२० वर दर ८.३ ला. २४० वर ४.२ ला. पहिल्या दुपटीत साधारण ८ मिलिसेकंद कमी झाले, ते डोळ्यांना आणि हाताला स्पष्ट जाणवतात. दुसऱ्या दुपटीत ४ च्या आसपास, तेही पीसी तेवढी चित्रं खरोखर तयार करू शकला तर. १२० किंवा १४४ हर्ट्झला थांबा. फोर-केचंही तसंच. फोर-के म्हणजे फुल एचडीच्या चौपट पिक्सेल, २० लाख ७३ हजारांच्या जागी ८२ लाख ९४ हजार, आणि प्रत्येक चित्रासाठी ते सगळे ग्राफिक्स कार्डाने रंगवायचे. हातभर अंतरावरच्या २४ इंची मॉनिटरसाठी एवढा खटाटोप कशाला? वरच्या दर्जाच्या कार्डामागोमाग बाकीचं लटांबर येतं : एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० हे ११५ वॉटचं कार्ड, ४०९० हे ४५० वॉटचं. म्हणजे मोठा पॉवर सप्लाय, मोठं कॅबिनेट, जास्त उष्णता, जास्त वीज. उलट कन्सोल घेतलात तर टीव्ही किती हर्ट्झचा आहे ते आधी बघा. जुना ६० हर्ट्झचा असेल तर ‘१२० एफपीएस’ (सेकंदाला १२० चित्रं) हे खोक्यावरचं अक्षरकाम, पुढे काही नाही.

गेम विकत घेताना एक सवय लावा. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. मुलाला सांगा, दीड तासाला थांबून स्वतःला विचारायचं, ठेवायचा का. आणि ‘विकत घेतला’ म्हणजे आपला झाला, असंही समजू नये. यूबीसॉफ्टचा ‘द क्रू’ हा २०१४ मधला गेम. मार्च २०२४ अखेर कंपनीने सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेल्यांनाही तो खेळता येईना. गुगलची स्टेडिया ही इंटरनेटवरून गेम खेळायची सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली. तिथे निदान पैसे परत मिळाले. ज्या गेमला एकट्याने खेळतानाही इंटरनेट लागतं, त्याला पूर्ण किंमत देऊ नये असं माझं मत आहे. सेलमध्ये येईपर्यंत थांबावं. चार-सहा महिने थांबलं की किंमतही उतरते आणि सुरुवातीचे बगही निघालेले असतात.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती ‘फुकट’ गेममधल्या नाण्यांची. आधी खऱ्या पैशांनी आभासी नाणी घ्यायची. ती मिळणार ठरावीक गठ्ठ्यांत, समजा १,००० ची. हवी असलेली स्किन (गेममधल्या पात्राचा किंवा वस्तूचा नवा साज) १,२०० ची. म्हणजे दोन गठ्ठे घ्या, ८०० उरतात, ती वाया जाऊ नयेत म्हणून आणखी काहीतरी घ्या. मुद्दामच केलेली रचना आहे ती. पैशांचं माप बदललं की पैसे खर्च होताना बोचत नाहीत. यावर भाषण देऊ नका, सोळा वर्षांचा मुलगा भाषण ऐकत नाही. त्याला महिन्याची एक रक्कम ठरवून द्या, अकाउंटवर खर्चाची मर्यादा घाला, आणि प्रत्येक स्किनची किंमत खऱ्या पैशांत एका वहीत त्यालाच लिहू द्या. दोन महिन्यांनी वही त्याचं त्यालाच पुरेसं सांगेल.

मशीनचं उरकते. ते चालायला लागतं म्हणजे मोडलंय असं नाही. मशीनवर पाणसळ (लेव्हल) ठेवा, चारी पाय जमिनीला टेकतायत का बघा, कोपरे दाबून डुगडुगतंय का बघा, पाय फिरवून सारखे करा आणि वरचा नट घट्ट आवळा. एकटी जाड चादर किंवा एकच बाथरोब टाकून स्पिन लावू नका, वजन एका बाजूला जातं. सोबत दोन टॉवेल टाका. तरीही हादरत असेल तर रिकामा ड्रम हाताने फिरवा. गुरगुर किंवा खरखर आली तर बेअरिंग गेलंय आणि ते काम महाग, तेव्हा नव्याचा विचार रास्त. आवाज नाही पण ड्रम दाबून सोडल्यावर उड्या मारत राहतो, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकलेत. त्यांचा खर्च नव्या मशीनपुढे काहीच नाही.

प्रिंटर तुमचा इंकजेट असणार. महिन्यातून चार पानं काढणाऱ्या घरासाठी ते यंत्रच नाही. नोझल वाळतात, मग साफसफाईच्या फेऱ्यांत तीच महागडी शाई ओतली जाते, म्हणजे बरीच शाई कागदापर्यंत पोचतच नाही. लेझर प्रिंटरमधला टोनर ही कोरडी भुकटी, ती वाळायचा प्रश्न नाही. साधा काळा-पांढरा लेझर घ्या. यंत्र महाग, पान स्वस्त. कार्ट्रिजवरचा ‘इतकी पानं’ हा आकडा पानाचा साधारण ५ टक्के भागच छापला जातो असं धरून येतो, तुमच्या मुलाच्या रंगीत प्रोजेक्टांना तो लागू नाही. ती वर्षातून दोन-तीनदा बाहेर छापून आणा.

वाढीव वॉरंटीची विचारणा या प्रत्येक खरेदीत होणार आहे, बिल करतानाच, तुम्ही कार्ड काढलेलं असताना. यंत्रं एकतर अगदी सुरुवातीला बिघडतात, तेव्हा कंपनीची वॉरंटी असतेच, नाहीतर झिजून म्हातारपणी, तेव्हा वाढीव वॉरंटीही संपलेली असते. मधल्या शांत काळाचे पैसे तुमच्याकडून मागतात. ते पैसे वेगळे काढून ठेवा, दुरुस्ती निघाली तर त्यातून करा. ज्या वस्तूची दुरुस्ती एकदम झेपणारच नाही, तिच्यापुरता अपवाद करा. तुमच्या यादीत तशी फक्त गाडी आहे.

क्रम असा लावा. मशीनचे पाय या आठवड्यातच. मुलाची यादी आली की त्याचं. गाडीचं शेवटी, आणि त्याआधी महिनाभर रोज संध्याकाळी मीटरचा आकडा आणि गाडीत किती माणसं बसली हे लिहून ठेवा. ९,००० हा माझा अंदाज आहे, तुमचा खरा आकडा तेव्हा कळेल. मग शोरूममध्ये ‘महिन्याला किती जमेल?’ असं कोणी विचारलं, तर उत्तर देऊ नका. गाडीची अंतिम किंमत, व्याजासकट एकूण परतफेड आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर लागणारा दंड, हे तिन्ही आकडे त्यांच्याच पेनाने कागदावर लिहून मागा, कागद खिशात घाला आणि त्या दिवशी सही न करता घरी या.

– ताई